डायबेटिससाठी अ‍ॅप, ग्लुकोमीटर आणि ऑनलाइन सल्ला : कोणत्या क्रमाने जायचं

डायबेटिसचं अ‍ॅप फोनवर घेताना सर्रास होणारी चूक म्हणजे क्रम उलटा होणं. आधी अ‍ॅप डाउनलोड होतं, मग आठवण येईल तेव्हा त्यात आकडे भरले जातात आणि महिनाभराने डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर मीटरचे ढीगभर फोटो जातात. त्या फोटोंत वेळ नसते, जेवण नसतं, गोळी घेतली होती की चुकली होती तेही नसतं. डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही आणि "अ‍ॅपचा उपयोग नाही" म्हणून ते काढून टाकलं जातं.

खरं तर अ‍ॅप तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतं. त्याआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्यायच्या असतात, मीटर खरं सांगतोय का ते पाहायचं असतं आणि घड्याळ लावायचं असतं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ते मुख्यतः टाइप २ डायबेटिस असलेल्या, गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. गरोदरपणातला डायबेटिस, लहान मुलांचा टाइप १ आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची लक्ष्यं वेगळी असतात. त्यांनी इथली पद्धत वापरावी, आकडे मात्र स्वतःच्या डॉक्टरांचेच घ्यावेत.

## पूर्वतयारी : फोन हातात घेण्याआधी

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

1. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर किती असायला हवी? बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांखाली हे लक्ष्य धरतात. पण ७५ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, हृदयविकार असलेल्या आजोबांना ते जाणूनबुजून सैल ठेवलं जातं. (हे आणि पुढचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये.)
2. आठवड्यात किती वेळा आणि कधी तपासू?
3. कोणता आकडा आला तर त्याच दिवशी फोन करू?
4. माझ्या औषधांनी साखर एकदम खाली जाऊ शकते का?

चौथा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इन्सुलिन, तसंच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेन्क्लामाइड या गोळ्यांनी साखर घसरू शकते. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर तो धोका फारच कमी. अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून पाकिटावरचं ब्रँडचं नाव न पाहता खालची बारीक अक्षरं वाचा.

सामान : ग्लुकोमीटर, मुदत न संपलेल्या पट्ट्या, लान्सेट (बोटाला टोचायची सुई), वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि गेल्या वर्षभराचे रिपोर्ट.

सावधान : साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटू लागलं, तर अ‍ॅप उघडत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या किंवा अर्धा कप फळांचा रस घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० खालीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. सावरल्यावर पोळी, भात असं काहीतरी खा. नोंद त्यानंतर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. पेढा, चॉकलेट, बर्फी यांवर भिस्त ठेवू नका, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

## टप्पा १ : मीटरचं घड्याळ, एकक आणि खरेपणा

मीटर नवा असो वा पाच वर्षांचा, आधी त्याची तारीख आणि वेळ तपासा. बॅटरी बदलल्यावर अनेक मीटरचं घड्याळ मूळपदावर जातं. ब्लूटूथने आकडे अ‍ॅपमध्ये जातात ते मीटरच्याच वेळेने. घड्याळ बारा तासांनी चुकलेलं असेल तर सकाळी उपाशीपोटी घेतलेला १४० हा रात्रीच्या जेवणानंतरचा म्हणून नोंदला जातो आणि तक्त्याचा अर्थच उलटतो.

दुसरं एकक. भारतात आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर चालतं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटर. लंडनहून मुलाने पुण्यातल्या वडिलांच्या फोनवर अ‍ॅप लावून दिलं की बऱ्याचदा तिकडचंच एकक राहतं. १८ ने गुणलं की मिलिमोलचे मिलिग्रॅम होतात : ७.२ म्हणजे १३०, १० म्हणजे १८०. अमेरिकेत लावलेल्या अ‍ॅपमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर येतो, त्यामुळे ५ जूनची नोंद ६ मेची वाटू शकते. हेही तेव्हाच बदलून घ्या.

आता तपासणीची पद्धत.

1. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोलल्यावर हात न धुता टोचलं तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा बराच फुगतो. सॅनिटायझर लावला असेल तर तो वाळू द्या.
2. बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नका, बाजूला टोचा. दुखतं कमी आणि रक्त नीट येतं. बोट दर वेळी बदला.
3. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून झटका. बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं.
4. पट्टी काढल्याबरोबर डबीचं झाकण लावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघड्या डबीतल्या पट्ट्या दमट होऊन चुकीचे आकडे देतात. डबी फ्रिजमध्येही ठेवायची नाही.
5. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. डबी उघडल्यावर काही महिन्यांतच पट्ट्या वापरून संपवायच्या असतात. नेमकी मुदत डबीवरच छापलेली असते.

तपासून पाहा : पुढच्या वेळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना मीटर सोबत न्या. शिरेतून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत बोटाला टोचून आकडा लिहून ठेवा. लॅबचा आकडा १०० च्या वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं : लॅब १६० सांगत असेल तर मीटरचा १३६ ते १८४ मधला कोणताही आकडा ठीक. १०० च्या खाली १५ अंकांचा फरक चालतो. ही तुलना जेवणानंतर करू नका. तेव्हा बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर मुळातच जास्त असते, आणि बिचारा मीटर विनाकारण बदलला जातो.

## टप्पा २ : अ‍ॅप निवडणं

आकर्षक चित्रं आणि डाउनलोडचे आकडे बाजूला ठेवा. पाच गोष्टी पाहा.

1. प्रत्येक आकड्याला "उपाशीपोटी", "जेवणाआधी", "जेवणानंतर", "झोपताना" असा शिक्का लावता येतो का?
2. टिपण लिहायला जागा आहे का, आणि ती मराठीत लिहिता येते का?
3. सगळा तक्ता पीडीएफमध्ये बाहेर काढता येतो का? काही अ‍ॅप ही सोय पैसे भरल्यावरच देतात, ते आधीच बघा.
4. इंटरनेट नसताना नोंद होते का?
5. ते काय विकतंय? प्रत्येक नोंदीनंतर पावडर किंवा "कोर्स" पुढे करणारं अ‍ॅप त्याच दिवशी काढा.

परवानग्यांकडेही लक्ष द्या. ब्लूटूथ मीटर जोडताना जुने अँड्रॉइड फोन लोकेशन मागतात, ते त्या फोनच्या रचनेमुळे. पण संपर्क यादी, कॉलची नोंद किंवा एसएमएस वाचायची परवानगी साखरेच्या अ‍ॅपला लागत नाही.

मीटरच्या कंपनीचं अ‍ॅप असेल तर आधी तेच वापरून पाहा, आकडे हाताने भरावे लागत नाहीत. तीन आकडे पाठवून मीटरच्या पडद्याशी ताडून बघा : आकडा, तारीख, वेळ. तिन्ही जुळले की पुढे जा. घरात दोघांना डायबेटिस असेल तर मीटर दोन हवेत आणि खातीही दोन. एकाच मीटरवर नवरा-बायकोचे आकडे मिसळले की कुणाचाच तक्ता उपयोगाचा राहत नाही. टोचायचं पेन आणि सुई तर कधीच एकत्र वापरू नका, रक्तातून संसर्ग पसरतो.

आणि अ‍ॅप नकोसं वाटत असेल तर आखलेली वही चालते. महिन्याच्या शेवटी पानांचा स्पष्ट फोटो काढला की तोही डिजिटल रेकॉर्डच झाला. अ‍ॅपमुळे शिस्त येत नाही, तिच्यामुळे अ‍ॅप उपयोगी पडतं.

## टप्पा ३ : नोंद कशी करायची

नुसता "२१४" हा आकडा काही सांगत नाही. पूर्ण नोंद अशी दिसते :

> १२ जून, बुधवार. जेवणाआधी १२८. पहिला घास ८:१०. ज्वारीची भाकरी दीड, पिठलं, भात एक वाटी. १०:१० ला २१४. सकाळची गोळी घेतली. जेवणानंतर चालणं नाही. सर्दी नाही, तणाव नाही.

यातली दोन तासांची मोजणी पहिल्या घासापासून आहे. जेवण आटोपून, आवरासावर करून, मग दोन तास मोजणारे प्रत्यक्षात पावणेतीन तासांनी तपासतात आणि आकडा छान आला म्हणून खूश होतात. पहिल्या घासाला फोनवर दोन तासांचा गजर लावा.

जोडीने तपासणं हा या सगळ्याचा कणा आहे : जेवणाआधी एक, दोन तासांनी एक. वरच्या नोंदीत साखर ८६ ने वाढली. जेवणाआधीचा आकडा नसता तर २१४ हे जेवणामुळे की आधीपासूनच साखर चढलेली होती, हे कळलंच नसतं. पट्ट्या स्वस्त नाहीत, म्हणून गोळ्यांवर असणाऱ्यांना आठवड्याला सात पट्ट्यांत बसणारी आखणी अशी करता येते :

- सोमवारी नाश्त्याची जोडी
- बुधवारी रात्रीच्या जेवणाची जोडी
- शनिवारी दुपारच्या जेवणाची जोडी
- रविवारी फक्त उपाशीपोटी

दर आठवड्याला वार फिरवत राहा, म्हणजे महिन्याभरात कामाचे दिवस आणि सुट्ट्या दोन्ही येतात. दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्यांना एवढं पुरत नाही, त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याइतकं तपासावं.

नेहमीची चूक : रोज सकाळी फक्त उपाशीपोटी तपासणं. महिनाभर १२० च्या आसपास आकडे येतात आणि एचबीए१सी मात्र ८.२ निघतो. दुपारच्या ताटानंतरचे २४० कुणी पाहिलेलेच नसतात.

दुसरी चूक : वाईट आकडा न लिहिणं. लग्नातल्या जेवणानंतरचा २८० गाळला तर डॉक्टर उरलेल्या चांगल्या आकड्यांवरून औषध ठरवतात.

## टप्पा ४ : ताटातलं अन्न अ‍ॅपमध्ये उतरवणं

इथे अ‍ॅप सर्वांत जास्त चुकतात. "एक रोटी", "एक बाउल राइस" अशी यादी येते आणि आपण ठोकून देतो. तुमची वाटी आणि अ‍ॅपची वाटी एक नसते.

एकदाच तासभर काढा आणि घरचं मोजून ठेवा.

1. दहा पोळ्यांसाठी किती कणीक घेतली ते वजन करा आणि दहाने भागा. एका पोळीत ३० ग्रॅम कणीक असेल तर साधारण १९ ग्रॅम कर्बोदकं.
2. भाकरीचंही तसंच. हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीला ७५ ग्रॅम ज्वारीचं पीठ सहज लागतं, त्यात सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे अशी एक भाकरी अडीच पोळ्यांइतकी. "मी पोळी सोडली, दोनच भाकऱ्या खातो" म्हणणाऱ्यांची साखर का हलत नाही, ते इथे कळतं. ज्वारी चांगलीच आहे, तंतू जास्त, पोट भरतं, पण मोजताना तिला फुकट सोडता येत नाही.
3. तांदूळ शिजवण्याआधी मोजा. ५० ग्रॅम तांदळात ३९ ग्रॅम कर्बोदकं, आणि त्याचा भात साधारण १३० ते १५० ग्रॅम होतो. अ‍ॅपमध्ये "कच्चा" आणि "शिजवलेला" अशा दोन नोंदी असतात : १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ७८ ग्रॅम, १०० ग्रॅम भातात सुमारे २८. ही अदलाबदल झाली तर हिशेब जवळपास तिपटीने चुकतो.
4. उपासाची साबुदाणा खिचडी स्वतंत्र लिहा. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, बटाटा वेगळा.

हे आकडे अ‍ॅपच्या "माझे पदार्थ" या भागात "आमची पोळी", "आमची भाकरी" म्हणून कायमचे साठवा. पडताळायचं असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते बघा. परदेशी अ‍ॅपमधले वापरकर्त्यांनी स्वतः भरलेले "पोहा", "मिसळ" मात्र धरून चालू नका.

सावधान : एकादशी, श्रावण किंवा नवरात्रात उपास धरणार असाल आणि साखर घसरवणारं औषध चालू असेल तर गोळीच्या किंवा इन्सुलिनच्या मात्रेबद्दल आधी विचारा. अ‍ॅपमधली औषधाची आठवण रोजच्यासारखी वाजते. तुम्ही आज जेवणार नाही हे तिला माहीत नसतं.

## टप्पा ५ : दंडावरचा सेन्सर लावला असेल तर

सतत साखर मोजणारा सेन्सर, म्हणजे सीजीएम, सगळ्यांना लागत नाही. अनेक वेळा इन्सुलिन घेणारे, साखर घसरलेली न जाणवणारे, किंवा औषध नुकतंच बदललेलं आहे असे रुग्ण यांना त्याचा खरा फायदा होतो. इतरांना दर काही महिन्यांनी एक सेन्सर लावून १४ दिवसांचं चित्र पाहिलं तरी पुष्कळ होतं.

- सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. तिथला आकडा रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असतो. जेवणानंतर किंवा जोरात चालताना मीटरशी तो जुळणार नाही, आणि जुळवत बसायचीही गरज नाही.
- पहिल्या दिवसाचे आकडे सैल धरा.
- रात्री त्याच कुशीवर झोपलं की सेन्सर दबतो आणि खोटाच ५५-६० दाखवतो. लक्षण आणि आकडा जुळत नसेल तर बोटाला टोचून खात्री करा.
- व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर फुगवून आकडा दाखवतात. गोळ्या घेत असाल तर सेन्सरच्या माहितीपत्रकात मर्यादा बघा.
- एमआरआय करायचा असेल तर सेन्सरबद्दल आधी सांगा.

गजर न वाजणं ही फोनची भानगड असते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये फोन अ‍ॅपला झोपवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा, "व्यत्यय नको" चालू असतानाही गजर वाजेल अशी परवानगी द्या, आणि फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर दोन्ही पुन्हा तपासा. साखर कमी झाल्याचा गजर बंद करू नका. जास्तीचा गजर सुरुवातीला २५० वर ठेवा. तो १८० वर ठेवला तर दिवसभर वाजतो आणि चौथ्या दिवशी वैतागून सगळेच गजर बंद केले जातात.

अहवालात आधी "७० ते १८० मधला वेळ" बघा. बहुतेक प्रौढांना तो ७० टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसातले साधारण १७ तास हवा. ७० खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला तासाभराहून कमी; ५४ खालचा १ टक्क्याच्या आत. वयस्कर आणि थकलेल्या रुग्णांत ७० खालचा वेळच १ टक्क्याच्या आत ठेवतात, वरचं लक्ष्य सैल असतं. १४ दिवसांपैकी निदान ७० टक्के वेळेचे आकडे नसतील तर त्या अहवालावरून काही ठरवू नका.

## टप्पा ६ : आठवड्यातून एकदा तक्ता वाचणं

रोज आकडा बघून रोज काहीतरी बदलणं ही घाईची चूक. आठवड्यातून एक वेळ ठरवा आणि एकाच प्रकारचे आकडे एकाखाली एक ठेवा : सगळे नाश्त्यानंतरचे, सगळे उपाशीपोटीचे. एकाच वेळचा आकडा तीनदा लक्ष्याबाहेर गेला तर त्याला नमुना म्हणा. एकदा गेला तर पुढे बघा.

नमुना सापडला की कारण याच क्रमाने शोधा : हात धुतले होते का आणि पट्टी जुनी होती का, जेवणाचं प्रमाण, चुकलेलं औषध, ताप, जंतुसंसर्ग, किंवा दम्या-सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टेरॉइड, आणि इतकं होऊनही कारण मिळालं नाही तर औषधाचा प्रश्न, म्हणजे डॉक्टरांचा. मात्रा स्वतः वाढवायची नाही, अ‍ॅपने सुचवली तरीही नाही. इन्सुलिनची मात्रा काढणारे हिशेब तुमच्या डॉक्टरांनी तुमचे आकडे घालून दिले असतील तेव्हाच वापरा.

सकाळची साखर सतत जास्त येत असेल तर सलग दोन-तीन दिवस झोपताना आणि एकदा पहाटे तीनला तपासा. झोपतानाच जास्त असेल तर रात्रीचं जेवण बघा. पहाटे तीनला ठीक आणि सकाळी जास्त असेल तर पहाटेच्या हार्मोन्समुळे ती वाढते. पहाटे तीनला ७० खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या तीन कारणांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून केवळ सकाळच्या आकड्यावर रात्रीचं इन्सुलिन वाढवणं धोक्याचं असतं.

अ‍ॅप ठळक अक्षरांत "सरासरी" दाखवतं. ६० आणि २४० यांची सरासरी १५० येते, आणि ते दोन्ही आकडे वाईट आहेत. सरासरीपेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडे आधी पाहा.

एचबीए१सीशी पडताळणी मात्र जरूर करा. ६ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. घरचे आकडे आणि रिपोर्ट यांत मोठी तफावत असेल तर दोन शक्यता : आपण चुकीच्या वेळी तपासतोय, किंवा एचबीए१सीच फसवतोय. लोहाच्या कमतरतेमुळे तो खोटा वाढू शकतो. सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार, नुकताच रक्तस्राव किंवा रक्त चढवणं यांतही त्याचा भरवसा नसतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल बराच आढळतो, तिथल्या रुग्णांनी हा मुद्दा डॉक्टरांपुढे स्वतःहून काढावा.

## टप्पा ७ : ऑनलाइन भेट

आधी नोंदींचं घर लावा. आभा क्रमांक हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आहे. आधारवरून तो काढता येतो. तो आणि पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. आभा काढला म्हणजे उपचार मोफत होत नाहीत, आणि जुने कागदी रिपोर्टही आपोआप त्यात येत नाहीत, ते तुम्हालाच स्कॅन करून चढवावे लागतात. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायची परवानगी तुमच्या संमतीने आणि ठरावीक मुदतीसाठी दिली जाते, ती नंतर मागेही घेता येते.

केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे : मोबाइल नंबरने नोंदणी, मग टोकन, मग व्हिडिओ कॉल आणि शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन. खासगी डॉक्टरांकडे गेलात तरी नियम एकच, २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. क्रमांक नसेल तर ते प्रिस्क्रिप्शन धरू नका.

कॉलआधी एका पानावर एवढं लिहा : वय, वजन, डायबेटिस किती वर्षं, चालू औषधं मात्रेसह (आयुर्वेदिक आणि जिमची पावडरसुद्धा), गेल्या १४ दिवसांचा तक्ता पीडीएफमध्ये, शेवटचा एचबीए१सी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तारखेसह, ७० खाली किती वेळा गेली, आणि तुमचे फक्त दोन प्रश्न. हे आदल्या दिवशी पाठवा. कॉलमध्ये रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरण्यात निम्मा वेळ जातो. कॉल संपण्याआधी बदललेली मात्रा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. "अर्धी गोळी" आणि "अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी" यांत घोळ होतो.

ऑनलाइन भेटीवर भागवू नका, थेट दवाखाना गाठा : सतत उलट्या, जोराचा श्वास, पोटात दुखणं, छातीत दुखणं, नजर एकाएकी अंधूक होणं, पायाची जखम, मग ती दुखत नसली तरी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं : त्यांच्यात साखर २०० च्या आसपास असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) घातक प्रमाणात साचू शकतात. उलट्या होत असताना मीटरचा आकडा बघून निर्धास्त राहू नका.

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि पायाची संवेदना या वर्षातून एकदाच्या तपासण्या कोणतंही अ‍ॅप करत नाही. अ‍ॅपच्या कॅलेंडरमध्ये तिन्हींची आठवण टाका.

## टप्पा ८ : औषधं ऑनलाइन मागवताना

इन्सुलिनबाबत एक चूक जिवावर बेतते. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर असतं, पेनच्या काडतुसातलं १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० साठी लाल टोपीची, १०० साठी नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट मात्रा अंगात जाते. ऑर्डर करताना आणि पार्सल उघडल्यावर, कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का ते वाचा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढू नका.

एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, जळगावकडे पार्सल दिवसभर गाडीत तापतं. इन्सुलिन शक्यतो जवळच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत आणा. मागवलंच तर घरी माणूस असेल अशी वेळ निवडा. गरम लागलं, किंवा स्वच्छ दिसायला हवं ते गढूळ झालं, तर परत करा. बर्फ होऊन वितळलेलंही वापरायचं नाही.

## कशावर विश्वास ठेवायचा नाही

"डायबेटिस मुळापासून बरा" अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे ती जाहिरात दिसली की विक्रेत्याबद्दल आणखी चौकशीची गरज उरत नाही. न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. सेन्सरचे आकडे मनगटावर दाखवणारं घड्याळ ही वेगळी गोष्ट, तिथे मोजतो तो सेन्सरच.

एआय चॅटबॉटला रिपोर्टमधला शब्द समजावून विचारा, डॉक्टरांसाठी प्रश्न नीट मांडून घ्या. मात्रा विचारू नका. तुमची किडनी किती काम करते हे त्याला माहीत नसतं, आणि तरीही तो ठामपणे उत्तर देतो. ओटीपी किंवा आगाऊ पैसे मागून फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

## टप्पा ९ : फोन बदलताना

जुना फोन विकण्याआधी पूर्ण तक्ता पीडीएफमध्ये काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नव्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करून सर्वांत जुनी नोंद दिसते का बघा, मगच जुन्यातलं अ‍ॅप काढा. चालू सेन्सर मध्येच नव्या फोनला जोडला जाईलच असं नाही, म्हणून फोन बदलायचा तो सेन्सर संपण्याच्या दिवशी. त्यानंतर एकक, गजर आणि बॅटरीचं बंधन नव्याने लावा. एखादं अ‍ॅप कायमचं सोडायचं असेल तर ते नुसतं फोनवरून काढू नका, आधी आतल्या सेटिंगमधून खातं आणि माहिती पुसा. ज्या नातेवाइकांना किंवा दवाखान्याला आकडे दिसायची परवानगी दिली होती, ती यादीही त्याच वेळी तपासा.